तीन मिनिटं स्वस्थ बसा

आपल्याकडे गाडीचं बॉनेट वर गेलं की माणसं जमतात. पार्किंगमध्ये चिटपाखरू नसलं तरी चालतं. तुम्ही बॉनेट उचला, त्याला तो बारीक दांडा लावा; दांडा खोबणीत बसायच्या आत पाठीमागून आवाज येतो, "काय झालं?" या प्रश्नात काळजी फारशी नसते, आशा असते. पंक्चरला कुणी थांबत नाही, कारण पंक्चरमध्ये मतभेदाला वाव नाही. वायपर बदलणाऱ्याकडे तर कुणी मान वळवूनही बघत नाही. बॅटरी हा मात्र आपला विषय आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, वीज आहे, "कुठली घेतलीत आणि कितीला पडली" हे अर्थशास्त्र आहे, आणि मुख्य म्हणजे हात काळे न करता, मागे हात बांधून, नुसतं उभं राहून बोलता येतं.

"सेल्फ घेत नाहीये," गाडीचा मालक सांगतो.

"टकटक होतंय की मुकाट बसलीय?"

"टकटक."

"मग बॅटरीच उतरलीय."

"बॅटरीच कशावरून? सोलेनॉइड असेल," असं म्हणणारा दुसरा इसम तोवर लिफ्टमधून बाहेर पडलेला असतो. दोन पक्ष तयार होतात. गाडी कुणाची होती हा मुद्दा इथून पुढे गौण.

माझा आक्षेप त्यांच्या ज्ञानाला नाही. गाडीच्या बहुतेक कामांत जादा माणसाचा उपयोगच होतो. धक्का मारायला होतो, टॉर्च धरायला होतो, आणि हरवलेला दहा नंबरचा पाना कुणाच्या बुटाखाली आहे हे शोधायला तर होतोच. तो बहुधा त्याच्याच बुटाखाली असतो. पण गाडीत दोन जागा अशा आहेत की तिथे घाई करणारा फसतो आणि स्वस्थ बसणारा वाचतो. एक बॅटरी आणि दुसरी एअरबॅग. स्वस्थ बसणं हे तंत्र आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. सरकारी कचेरीत आपण तासन् तास बसतो ते नाइलाजानं. स्वतःच्या राजीखुशीनं तीन मिनिटं बसा म्हटलं की जीव कासावीस होतो.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल घेऊन गॅस्टन प्लान्टे नावाच्या फ्रेंच गृहस्थानं 1859 साली ही बॅटरी बनवली. आपल्याकडे सत्तावन्नचं बंड होऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर दिवे बदलले, इंजिनं बदलली, गाड्या बोलायला लागल्या, पण बॉनेटखालच्या त्या काळ्या डब्याचा मूळ स्वभाव काही बदलला नाही. सहा कप्पे, प्रत्येकात दोन व्होल्टच्या किंचित वर, आणि पूर्ण भरलेली असली की एकूण साधारण 12.6.

हा आकडाच घात करतो. "बारा व्होल्टला काय घाबरायचं?" असं म्हणून बी विंगमधले एक काका दोन्ही टर्मिनलांवर दोन बोटं ठेवून दाखवतात. काही होत नाही. कोरड्या कातडीतून बारा व्होल्ट फारशी वाट काढू शकत नाहीत, हे शास्त्र काकांच्या बाजूनं आहे. जमलेल्या मंडळींत कौतुकाची कुजबुज होते. अडचण इतकीच की काकांच्या एका बोटात पुखराजाची अंगठी आहे.

माणसाचं शरीर विजेला अडवतं, सोनं अडवत नाही. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं आणि सोनं तिसरं. आता काकांनी हौसेनं पाना हातात घेतला, पाना धन टर्मिनलच्या नटवर आहे, आणि त्याच हाताची अंगठी एकीकडे पान्याला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला टेकली असं समजा. घरातला गीझर नऊ-दहा अँपिअर घेतो; सोळाच्या वर फार गेलं की एमसीबी पडतो आणि आपण महावितरणला शिव्या देतो. गाडीच्या बॅटरीच्या तोंडाशी एमसीबी नसतो. इंजिन फिरवायला लागणारे शेकडो अँपिअर तिच्याजवळ कायम तयार असतात आणि समोर इंजिन आहे की अंगठी आहे हे ती विचारत नाही. अंगठी काही सेकंदांत लाल होते, आणि बोट सुजल्यामुळे निघत नाही. गुरू बलवान व्हावा म्हणून घातलेल्या दागिन्याकडून हे कुणी अपेक्षिलेलं नसतं. तेव्हा घड्याळाचा पट्टा, कडं, चेन, अंगठी, ज्या कुठल्या ग्रहाची असेल ती, आधी उतरवून ठेवायची. ग्रह पाचदहा मिनिटं थांबतात.

यानंतर येतो तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये न सुटलेला वाद: आधी प्लस काढायचा की मायनस? प्लसवाल्यांचं म्हणणं, करंट प्लसमधून येतो, मग मूळच तोडा. ऐकायला हे इतकं तर्कशुद्ध वाटतं की मान डोलते. पण गाडीचं सगळं शरीर, पत्रा, इंजिन, चासी, हे मायनसला जोडलेलं असतं. म्हणजे आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना आजूबाजूच्या कुठल्याही लोखंडाला लागला, की मंडल पुरं झालं: ठिणगी, धूर आणि टर्मिनलला डागलेला पाना. आधी मायनस काढला तर पत्र्याचा बॅटरीशी संबंध संपतो. मग प्लसवरचा पाना पत्र्याला लागो नाहीतर काकांच्या चष्म्याला, काही बिघडत नाही. लावताना याच्या उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. एवढं समजावून सांगितलं की प्लसवाले म्हणतात, "तेच तर मी म्हणतोय."

कुठला टर्मिनल कुठला, यावरही एकदा मतदान होता होता राहिलं. खुणा चिखलानं बुजलेल्या, दोन्ही वायरी उन्हानं एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. अशा वेळी दोन्ही खुंट्यांकडे नीट बघायचं. धन खुंटी ऋण खुंटीपेक्षा किंचित जाड असते. बनवणाऱ्यांनी हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे उलटी जोडणी सहजी बसू नये. तरीही हातोडीनं ठोकून बसवणारे लोक आपल्यात आहेत. हातोडी हे आपल्याकडे मतभेद मिटवण्याचं साधन समजलं जातं.

टर्मिनलवर जे पांढरट-हिरवट पीठ फुललेलं असतं, ते काढायला कोमट पाणी आणि खायचा सोडा पुरतो. सोडा आम्लाला मारतो, फेस येतो, फेस थांबला की समजायचं काम झालं. फक्त त्या आधी कप्प्यांची झाकणं घट्ट आहेत हे बघायचं. सोडा आत गेला तर तो आतल्या आम्लालाही मारतो, आणि तेच तर बॅटरीचं भांडवल. पण सोडा आणायचा कुठून? मालक खालून हाक मारतो. चौथ्या मजल्यावरून उत्तर येतं, "किती लागेल? उद्या ढोकळा करायचाय." मग कुणीतरी काळ्या शीतपेयाची बाटली सुचवतो. तेही पीठ काढतं, नाही असं नाही, पण नंतर टर्मिनल चिकट होतं आणि मुंग्यांना पत्ता सापडतो. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, वाचायचा नव्हे, बाजूनं बंद असणारा. आम्लाचा थेंब डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि धुऊन झाल्यावर डॉक्टरकडे जायचं. कपड्यावर उडालेलं आम्ल मात्र त्या क्षणी काहीच दाखवत नाही. सदरा धुऊन दोरीवर वाळत घातला की त्यातून समोरची इमारत दिसायला लागते आणि ठपका बिचाऱ्या वॉशिंग मशीनवर येतो.

पाण्याचा विषय निघाला की चर्चा आणखी खोल जाते. ज्या बॅटरीला पाणी घालावं लागतं, तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं. त्याचा डबा पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळतो. पण लाखांची गाडी घेणारा माणूस किरकोळ खर्चाच्या बाबतीत तत्त्वनिष्ठ असतो. "आमच्या आरओचं पाणी आहे, एकदम शुद्ध." पिण्यासाठी शुद्ध आणि बॅटरीसाठी शुद्ध यांत अंतर आहे, आरओच्या पाण्यात क्षार उरतात आणि ते शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसतात. दुसरा पक्ष एसीच्या नळीखाली बादली लावून बसलेला असतो. ते पाणी वाफेचं झालेलं असतं हे खरं, पण ते एसीच्या जाळीवरची धूळ, बुरशी आणि धातूचे कण बरोबर घेऊन खाली येतं. तिसरा पक्ष पावसाचं पाणी साठवतो, आणि तो पत्र्यावरून साठवतो. एक मात्र सगळ्यांनाच सांगावं लागतं: पाणी कमी झालं म्हणजे आम्ल संपलं असं नव्हे. पाणी उडतं, आम्ल आतच असतं. तेव्हा वरून आम्ल ओतून बॅटरीला तरतरी आणायचा उद्योग करू नये. आणि कधी मिसळायची वेळ आलीच, तर आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. दहावीच्या प्रयोगशाळेत हे आपल्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यामुळेच आपण विसरलो.

चार्ज होताना बॅटरी वायू सोडते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेट घेतो. इतकी मोकळीक दुसरे वायू क्वचित देतात. पूर्वी रात्री कप्प्यातलं पाणी बघायला काडी ओढून आत डोकावणारे धाडसी लोक होते. मोबाइलच्या टॉर्चनं त्यांचं उरलेलं आयुष्य वाचवलं, याचं श्रेय मोबाइलला कुणी देत नाही. धोका पूर्ण गेला असं मात्र म्हणवत नाही. खंडेनवमीच्या सकाळी गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहायचं आणि पेटत्या निरांजनानं ओवाळायचं, ही पद्धत मी पाहिलेली आहे. श्रद्धेला माझा नमस्कार. पण रात्रभर चार्जरला लावलेली बॅटरी सकाळी सातला ओवाळायला घेऊ नये. आधी बॉनेट उघडं टाकून चहा घ्यावा, वायू निघून जाऊ द्यावा, आणि ओवाळायचंच तर डिकीकडून ओवाळावं. देव सगळीकडे असतो. हायड्रोजन तेवढा बॅटरीपाशी असतो.

जंपर केबल हा याच वायूमुळे नाजूक झालेला प्रकार. दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या केल्या की लहान मुलंसुद्धा बघायला येतात. लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक जिवंत बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा जिवंत बॅटरीच्या मायनसला. इथवर कुणाची हरकत नसते. चौथा चिमटा मेलेल्या बॅटरीच्या मायनसला न लावता तिच्यापासून लांब, इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूला लावायचा, असं म्हटलं की घनघोर विरोध होतो. "अहो, ते नुसतं लोखंड आहे, तिथे काय लावताय?" शेवटचा चिमटा टेकताना ठिणगी उडते, ती बॅटरीच्या डोक्यावर उडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण नुसत्या लोखंडाला चिमटा लावून गाडी चालू झाली, तर तो चमत्कार ठरतो आणि चिमटा लावणाऱ्याची कीर्ती सी विंगपर्यंत जाते.

एअरबॅगचं नाव निघालं की हीच मंडळी एकदम गप्प होतात. बॅटरीचं ज्ञान वडिलोपार्जित आहे, एअरबॅगचं नाही. वडिलांच्या गाडीत ती नव्हती. आपल्याकडे नव्या गाड्यांमध्ये चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. शेजारच्या सीटसाठीही ती पाठोपाठ 2021 मध्ये आली. त्यामुळे ती असते, हे जाहिरातीमुळे माहीत असतं. ती कुठे असते आणि कशावर फुगते, हा प्रश्न कुणाला पडत नाही. गाडी घेताना "सहा एअरबॅग आहेत" हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात "सहा एकर बागायत आहे" असं सांगायची आपल्याकडे परंपरा आहे.

ही कल्पना सुचली एका बापाला. जॉन हेट्रिक नावाचा अमेरिकन इंजिनिअर 1952 साली पेनसिल्वेनियात बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून चालला होता. रस्त्यात दगड आला, गाडी खड्ड्याकडे गेली, आणि ब्रेक मारता मारता नवराबायको दोघांचेही हात आपोआप मुलीपुढे आडवे गेले. हा हात आपल्याकडेही जातो. एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही आईकडे बघा. हेट्रिकनं त्या हाताच्या जागी हवेची उशी कल्पिली. महायुद्धात नौदलात असताना त्यानं टॉर्पेडोचं कापडी आवरण हवेच्या दाबानं क्षणात फुगून छताकडे उडालेलं पाहिलं होतं, ते त्याला आठवलं. 1953 मध्ये त्याला पेटंट मिळालं. मोटार कंपन्यांनी मात्र तेव्हा दाद दिली नाही, आणि लोकांच्या गाड्यांत उशा यायच्या आत पेटंटची मुदत संपून गेली.

नाव उशीचं असलं तरी तिच्या मागे बसलेली वस्तू म्हणजे एक छोटा, शिस्तीतला स्फोट आहे. धडक झाली की संगणकाच्या आज्ञेनं एक बारीकशी तार तापते, रसायन पेटतं, वायू होतो आणि साधारण 30 मिलिसेकंदांत पिशवी फुगून समोर उभी राहते. आपली पापणी एकदा मिटून उघडायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पिशवी बाहेर पडते तो वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून स्टिअरिंगपासून छाती निदान 25 सेंटिमीटर लांब ठेवायची. पोट किती लांब ठेवायचं हे बहुतेकांच्या बाबतीत आधीच ठरून गेलेलं असतं.

अशा वस्तूच्या वाटेला हौशी माणूस जातो कशाला? तर हॉर्नसाठी. आपल्याकडे स्टिअरिंग उघडायचं सर्वांत मोठं कारण हॉर्न न वाजणं हे आहे. ब्रेक जरा लांब लागत असले तर आठवडाभर चालवून घेतो, पण हॉर्न गेला की माणसाला वाचा गेल्यासारखं होतं. आणि हॉर्नचं बटण नेमकं एअरबॅगच्या झाकणावर. दोघांची वायरही एकाच गुंडाळीतून जाते. स्टिअरिंग फिरतं तरी तुटत नाही अशी चपटी, वेटोळ्यात बसवलेली पट्टी. तेव्हा "नुसता हॉर्न बघतो" असं म्हणून स्क्रूड्रायव्हर घेतलेला माणूस प्रत्यक्षात काय उघडायला निघालाय, याची त्याला कल्पना नसते.

इथे लागू होतो तो नियम: बॅटरीचा मायनस काढा आणि थांबा. कुठल्या कंपनीचं पुस्तक दीड मिनिट सांगतं, कुठलं तीन, कुठलं त्याहून जास्त. आपल्या गाडीचं जे असेल ते. आमच्या पार्किंगमध्ये एकदा वर्कशॉपमधून आलेल्या पोरसवदा मेकॅनिकनं मायनस काढला, बाजूला सारला, आणि तेलाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर जाऊन बसला. मंडळी बघत राहिली.

"काय रे, काम का थांबवलंस?" काकांनी विचारलं.

"तीन मिनिटं थांबायचं असतं, काका."

"कशाला?"

"आत करंट असतो."

"बॅटरी सोडवलीस ना? मग करंट कुठून येणार?"

"कपॅसिटरमध्ये असतो."

काकांनी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पोराचं बरोबर होतं. धडकेत पहिल्यांदा बॅटरीच चेपली आणि वायर तुटली तर एअरबॅग उघडणार कशी, म्हणून तिच्या संगणकात थोडी वीज साठवून ठेवलेली असते. बॅटरी तुटली तरी त्या शिदोरीवर एक स्फोट निघतो. ती शिदोरी संपेपर्यंत थांबायचं. थांबण्याची ही तीन मिनिटं आमच्याकडे कशी गेली ते सांगतो. पहिल्या मिनिटात "तासावर पैसे घेतात, म्हणून वेळ काढतोय" असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्यात एकानं हॉर्न दाबून पाहिला, आणि बॅटरी काढलेली असल्यामुळे तो वाजला नाही याबद्दल खेद व्यक्त केला. तिसऱ्यात एकानं किल्ली फिरवायला हात घातला. मेकॅनिक न बोलता उठला, किल्ली काढून खिशात टाकली आणि पुन्हा डब्यावर बसला. इतकी अक्कल मी मोठ्या पगाराच्या माणसांत पाहिलेली नाही.

जुन्या गॅरेजवाल्यांना यातलं कपॅसिटर वगैरे ठाऊक असो वा नसो, त्यांची रीत आपसूक सुरक्षित आहे. "मायनस काढलाय साहेब, चहा घेऊन येतो," असं म्हणून ते जे जातात ते कुठल्याही कंपनीनं सांगितलेली मुदत ओलांडूनच परत येतात.

पुढचे नियम ऐकायला विक्षिप्त आहेत. एअरबॅगच्या वायरींची जोडणी बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाची असते. इलेक्ट्रिशियनचा पिवळा टेस्टर नव्हे; पिवळा म्हणजे हात लावू नका. तिला टेस्ट लॅम्प लावून "करंट येतोय का" बघायचं नाही, साध्या मीटरनं रेझिस्टन्स मोजायचा नाही, कारण ती बारीक तार पेटायला एक-सव्वा अँपिअर आणि काही मिलिसेकंद पुरे होतात. मोजायला गेलेली गोष्ट मोजण्यामुळेच घडायची. त्या जोडणीत एक छान युक्ती केलेली असते: ती ओढून सुटी केली की आतली दोन्ही टोकं आपोआप एकमेकांना जोडली जातात, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनंही काही भडकू नये. वायर कापून टाकणाऱ्याला अर्थातच या युक्तीचा फायदा मिळत नाही. काढलेलं एअरबॅगचं झाकण हातात नेताना त्याचा चेहरा आपल्यापासून लांब, आणि टेबलावर ठेवायचं ते चेहरा वर करून. पालथं ठेवलं आणि फुटलंच, तर अख्खा भाग टेबलावरून उसळून छताकडे जातो. धूळ बसू नये म्हणून वस्तू पालथी ठेवायची आपली चांगली सवय इथे उपयोगी नाही.

पण हे सगळं झालं उघडणाऱ्यांसाठी. न उघडता एअरबॅगशी खेळणारे जास्त. डॅशबोर्डच्या डाव्या भागावर तीन-चार इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. त्या भागाखाली पिशवी असते आणि तो भाग फाटून ती वर येते. नेमक्या त्याच सपाट जागेवर आपण दुहेरी चिकटपट्टीनं गणपती बसवतो. धडकेत खालून येणारी उशी आणि वर बसलेली मूर्ती यांची गाठ पडली, तर मूर्ती कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं येईल याचा हिशोब कुणी करून ठेवलेला नाही. विघ्नहर्त्याला मधल्या भागात, एअरबॅगच्या वाटेतून बाजूला बसवावं. त्यालाही मोकळं वाटेल. त्याच जागेवर पाय ठेवून लोणावळ्यापर्यंत झोपणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांचे गुडघे त्यांना सांगतील.

सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे घट्ट, सरसकट कव्हर चढवायचं नसतं, तिला फाटून बाहेर यायला जागा हवी. कव्हरवाला मात्र "साहेब, टाइट फिटिंग आहे, सुरकुती येणार नाही" हेच भूषण म्हणून सांगतो. गाडीच्या तोंडाला जाडजूड लोखंडी गार्ड लावला की धडकेचा जोर संगणकापर्यंत वेगळाच पोहोचतो. केंद्र सरकारनं 2017 च्या डिसेंबरात राज्यांना लिहून असे गार्ड बंद करायला सांगितले. ते बंद झाले का, हे कुठल्याही महामार्गावर उजवीकडून घुसणाऱ्या गाडीच्या तोंडाकडे बघून ठरवावं. आणि पट्टा न लावता त्याची पिपाणी बंद करणारी ती चिमुकली क्लिप! ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांना ती विकायला बंदी केली. पट्टा नसेल तर माणूस उशीकडे जातो त्याच वेळी उशी माणसाकडे येते, आणि मधे भेट होते ती उशीला शोभणारी नसते. यातला बुद्धीचा भाग असा की ती क्लिप विकत घेणारा माणूस एअरबॅगचे पैसे आधीच भरून बसलेला असतो.

दमट हवेचीही एक गोष्ट आहे. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या, उशी फुगवणाऱ्या काही डब्यांमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि धडकेच्या वेळी उशी फुगवता फुगवता धातूची डबीच फोडून तुकडे उडवायचं. त्यात माणसं गेली. जगातल्या सर्वांत मोठ्या गाड्या-परत-बोलवा मोहिमांपैकी एक त्यातून उभी राहिली, 2017 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, आणि भारतातल्या गाड्याही त्या मोहिमेत होत्या. कोकणपट्टीवर राहणाऱ्यांनी "उष्ण आणि दमट" हे शब्द पुन्हा एकदा वाचावेत. आपला चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो आणि बदल करून मिळतो तो फुकट. घोळ इथेच होतो. "सर, तुमच्या गाडीची एअरबॅग आम्ही विनामूल्य बदलून देणार आहोत," असा फोन आला की मराठी माणूस ताबडतोब सावध होतो, ओटीपी देणार नाही असं ठणकावतो आणि फोन ठेवतो.

काम आटोपतं. प्लस लागतो, मग मायनस. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो, म्हणजे आतलं तपासून झालं. दिवा विझला नाही तर गाडी पुन्हा दाखवायला न्यायची. त्यावर काळी टेप लावायची नाही. बॅटरी सुटल्यामुळे गाडी काही गोष्टी विसरलेली असते. रेडिओची स्टेशनं जातात, काही गाड्यांच्या काचा एका झटक्यात वर जायचं विसरतात, आणि घड्याळ बारा दाखवायला लागतं. ते लावायचं कसं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. मॅन्युअल डाव्या कप्प्यात, पीयूसी आणि शिर्डीच्या उदीच्या पुडीखाली, शोरूमच्या प्लास्टिकमध्ये आहे तसं आहे. ते फोडायला मालक तयार होत नाहीत, कारण पुढेमागे गाडी विकताना "मॅन्युअलसुद्धा कोरं आहे" असं सांगता येतं. आमच्या विंगमधले एक गृहस्थ बॅटरी बदलल्यापासून गाडीतल्या घड्याळात चार तास दहा मिनिटं मिळवून वेळ सांगतात, आणि बरोबर सांगतात.